जुने पुस्तक स्कॅन करावे की नाही? ग्रंथालये आणि कॉपीराइटचा कायदा

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत अशी पुस्तके आहेत, जी पुण्या-मुंबईच्या दुकानांत तर नाहीतच, पण तिथल्या मोठ्या ग्रंथालयांतही सापडतील याची खात्री देता येत नाही. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात निघालेल्या कामगार चळवळीच्या पुस्तिका, स्थानिक छापखान्यांत छापलेली नाटके आणि कवितासंग्रह, पूर्व भागातल्या घरांतून देणगीदाखल आलेली तेलुगू पुस्तके, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावांतून आलेले कन्नड ग्रंथ, असा हा साठा आहे. त्यातला बराचसा भाग लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या आम्लधर्मी कागदावर छापलेला आहे. असा कागद वर्षे उलटतात तसा आपोआप पिवळा आणि ठिसूळ होत जातो, आणि सोलापूरचा कोरडा, कडक उन्हाळा ही क्रिया आणखी वेगाने घडवून आणतो. पान उलटताना कोपरा हातात येतो, शिवणीचा दोरा तुटलेला असतो, पिना गंजून त्यांच्या भोवतीचा कागद तपकिरी झालेला असतो. या पुस्तकांचे स्कॅनिंग आज झाले नाही, तर काहींच्या बाबतीत ते पुढे कधीच करता येणार नाही.

तरीही कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला की चर्चा दोन टोकांवर अडकते. एक बाजू म्हणते की पुस्तक वाचनालयाने विकत घेतले आहे, दाखल नोंदवहीत त्याची नोंद आहे, तेव्हा त्याचे काय करायचे ते वाचनालय ठरवील. दुसरी बाजू म्हणते की पुस्तकावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले आहे, तेव्हा त्याला हात लावू नये, उगाच कोर्टकचेरी नको. पहिले मत कायद्याला धरून नाही आणि दुसरे कायद्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरलेले आहे. माझ्या मते या दुसऱ्या मतानेच जास्त नुकसान केले आहे, कारण जे काम करण्याची मुभा कायद्याने स्पष्ट शब्दांत दिलेली आहे, तेसुद्धा त्या भीतीपोटी वर्षानुवर्षे राहून गेले आहे.

मुळापासून सुरुवात करू. भारतात हा विषय ‘कॉपीराइट अधिनियम, १९५७’ या कायद्याखाली येतो. पुस्तकाची प्रत ही एक वस्तू आहे आणि तिच्यातले लेखन ही वेगळी मालमत्ता आहे. वाचनालय प्रतीचे मालक असते. ती ते वाचकाला घरी नेऊ देऊ शकते, बांधणी करून घेऊ शकते, जीर्ण झाल्यास नियमानुसार बाद करू शकते. लेखनाच्या नव्या प्रती काढण्याचा, ते लोकांपर्यंत पोचवण्याचा, त्याचा अनुवाद किंवा रूपांतर करण्याचा हक्क मात्र लेखकाकडे, त्याच्या वारसांकडे, किंवा त्यांनी तो लेखी करून दिला असल्यास प्रकाशकाकडे राहतो. त्यासाठी नोंदणीची गरज नसते. लेखन कागदावर उतरले की हक्क निर्माण होतो, मग पुस्तकावर तसे छापलेले असो वा नसो. आणि कायद्याच्या कलम १४ मध्ये ‘प्रत काढणे’ या शब्दांत इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेसुद्धा स्पष्टपणे धरलेले आहे. म्हणजे स्कॅन करून संगणकात ठेवलेली फाइल कोणालाही दाखवली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ती एक नवी प्रत असते. म्हणून हक्काची मुदत संपली आहे का, आणि संपली नसेल तर कायद्याने दिलेल्या अपवादांत हे काम बसते का, हे दोन प्रश्न प्रत्येक पुस्तकापुढे विचारावे लागतात.

मुदतीचा हिशेब कठीण नाही, फक्त तो नीट मांडावा लागतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, तर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मोकळी झाली. स्वातंत्र्यवीर सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले; त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२६ च्या अखेरीस संपतो. अण्णा भाऊ साठे जुलै १९६९ मध्ये गेले, त्यांच्या बाबतीत ही सीमा २०२९ ची अखेर आहे. वि. स. खांडेकर १९४१ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या त्या अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत एखाद्या वाचनालयात असेल, तर ती ऐंशी वर्षांहून जुनी असूनही अजून मोकळी नाही, कारण खांडेकर १९७६ मध्ये गेले आणि त्यांचा हक्क २०३६ च्या अखेरीपर्यंत चालतो. २००६ च्या सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये सोलापुरातच निवर्तले. त्यांचे लेखन २०८५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तेव्हा पुस्तकाचे वय पाहून चालत नाही, लेखकाचे मृत्युवर्ष शोधावे लागते. वाचनालयांच्या नोंदींत नेमकी हीच माहिती नसते. लेखक, प्रकाशक, किंमत, आवृत्ती हे सगळे रकाने असतात, पण लेखक कधी गेला याचा रकाना नसतो.

ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेल्यामुळे त्यांचे लेखन १९९१ अखेरीस मोकळे होणार होते, आणि ते होण्याच्या तोंडावर अध्यादेश काढून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला. एका कवीच्या निमित्ताने झालेल्या या बदलाची किंमत देशातल्या प्रत्येक ग्रंथालयाने दहा वर्षे थांबून मोजली, असे मला वाटते.

लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाला वेगळा नियम आहे: तिथे ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०१७ पासून मोकळी आहेत. त्यांचा बुद्धधम्मावरचा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला, म्हणून तो एक वर्ष मागाहून मोकळा झाला. आणि त्यांच्या हस्तलिखितांतला जो मजकूर महाराष्ट्र शासनाने १९८७ च्या खंडात पहिल्यांदा छापला, त्याची मुदत २०४७ च्या अखेरीपर्यंत जाते. एकाच लेखकाची एकाच फळीवरची तीन पुस्तके कायद्याच्या तीन वेगळ्या स्थितींत असू शकतात. टोपणनावाने किंवा निनावी प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदतही, लेखकाची ओळख त्या काळात उघड झाली नसेल, तर प्रकाशनापासूनच मोजतात. ‘एक गिरणी कामगार’ अशा नावाने १९३८ साली निघालेली आणि जिचा कर्ता कधीच उघड झाला नाही अशी पुस्तिका निर्धास्तपणे स्कॅन करावी. सरकारी प्रकाशनांनाही प्रकाशनानंतर ६० वर्षांचाच नियम आहे: ब्रिटिश अमदानीतले १८८४ चे सोलापूर गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) केव्हाच मोकळे झाले, तर १९७७ च्या सुधारित गॅझेटियरवर शासनाचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे.

आता जरा नाजूक भाग. पुस्तक म्हणजे एकाच माणसाचे काम असे आपण धरून चालतो, पण एका पुस्तकात अनेकांचे हक्क एकमेकांवर रचलेले असतात. सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने बाराव्या शतकातली आहेत. त्यांवर कोणाचाही हक्क नाही. त्या वचनांचा मराठी अनुवाद एखाद्या प्राध्यापकांनी १९९० मध्ये केला असेल, तर त्या अनुवादावर त्यांचा पूर्ण हक्क आहे. शाहीर रामजोशी हे सोलापूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलेल्या या शाहिराच्या लावण्या मोकळ्या आहेत, पण त्यांच्या संग्रहाला आधुनिक संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या असतीलच असे नाही. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. यतिवृषभाचार्यांची मूळ गाथा शतकानुशतके जुनी आहे. पण तिच्या संपादकांपैकी आ. ने. उपाध्ये १९७५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या संपादकीय लेखनावरचा हक्क निदान २०३५ अखेरपर्यंत उरतो, आणि सोबतचा हिंदी अनुवाद हा आणखी वेगळा विषय आहे. दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखनात जो शेवटी गेला, त्याच्या मृत्यूपासून मोजायचे असते.

मुखपृष्ठाचेही तसेच आहे. कितीतरी मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे दीनानाथ दलालांनी केली. ते १९७१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत चालतो, जरी आतला मजकूर मोकळा झालेला असला तरी. अशा वेळी आतले पुस्तक संकेतस्थळावर ठेवावे आणि मुखपृष्ठ व चित्रे फक्त आपल्या जतनाच्या फाइलमध्ये ठेवावीत. यासाठी कोणत्या आवृत्तीचे स्कॅनिंग करायचे हे आधी ठरवावे लागते. शक्य असेल तिथे सर्वांत जुनी आवृत्ती घेणे शहाणपणाचे असते, कारण नंतरच्या आवृत्त्यांत प्रस्तावना, परिशिष्टे आणि चित्रे यांची भर पडत गेलेली असते.

ज्या पुस्तकांची मुदत संपलेली नाही, त्यांच्यासाठी कलम ५२ आहे. हक्कभंग कशाला म्हणायचे नाही, याची ती लांबलचक यादी आहे, आणि ग्रंथपालाने तिच्यातली दोन उपकलमे तरी छापून टेबलावर ठेवावीत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२(१)(एन) सांगते की व्यापारी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा हक्कभंग होत नाही. इथे लेखकाची परवानगी लागत नाही, प्रकाशकाला पत्र लिहावे लागत नाही, पुस्तक बाजारात मिळत नाही हे सिद्ध करावे लागत नाही. आपले सार्वजनिक वाचनालय वर्गणी घेते म्हणून ते व्यापारी ठरत नाही असे माझे मत आहे, कारण ते नफ्यासाठी चालवलेले नसते. याच्या पुढचे उपकलम (ओ) जुने आहे: पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर अशा ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या देखरेखीखाली ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. कवितासंग्रहाची एकमेव प्रत देवघेव विभागात फिरून फाटत असेल, तर या उपकलमाच्या आधारे तिची छायाप्रत काढून मूळ प्रत संदर्भ विभागात सुरक्षित ठेवता येते. अप्रकाशित हस्तलिखितांसाठी उपकलम (पी) आहे. लोकांना प्रवेश असलेल्या संस्थेत ठेवलेले हस्तलिखित संशोधनासाठी, खाजगी अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवून घेता येते, मात्र लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षे उलटलेली असावी लागतात.

उपकलम (एन) जेवढे देते त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्यात ‘जतनासाठी’ हा शब्द आहे. दुसऱ्या गावच्या वाचनालयाकडून पुस्तक आणून स्कॅन करणे त्यात बसत नाही, कारण प्रत आपल्याकडे आधी असावी लागते. ती फाइल संकेतस्थळावर ठेवणे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकणे, सभासदांना पेन ड्राइव्हवर देणे हे जतन नव्हे. तो लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क आहे, आणि तो लेखकाचा आहे. वाचनालयाच्या आवारातल्या एका संगणकावर ती फाइल वाचकाला दाखवावी का, याबाबत उपकलमात शब्द नाही. मूळ प्रत हाताळण्याजोगी राहिलेली नाही, म्हणून तिच्या जागी एका वेळी एकाच वाचकाला, फाइल उतरवून घेता येणार नाही अशा रीतीने ती दाखवणे कायद्याच्या हेतूला धरून आहे असे मला वाटते. पण लेखक किंवा वारस सापडत असतील तर त्यासाठी त्यांचे पत्र घेणेच योग्य. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे, त्यामुळे ‘शैक्षणिक हेतूसाठी’ एवढे दोन शब्द फाइलवर टाकून भागेल अशा समजुतीत राहू नये.

इथे हमखास दोन परदेशी उदाहरणे पुढे केली जातात. गूगलने २००४ पासून मोठ्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन करायला घेतली, लेखकांच्या संघटनेने २००५ मध्ये दावा लावला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला. पण त्या निकालाचा पाया असा होता की गूगल वाचकाला संपूर्ण पुस्तक देत नाही, शोधलेल्या शब्दाभोवतीचे तुकडे दाखवते. दुसरे उदाहरण इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा ऑनलाइन ग्रंथालयाचे. त्यांनी छापील प्रतीच्या बदल्यात स्कॅन केलेली प्रत उसनी देण्याची पद्धत चालवली होती आणि २०२० च्या टाळेबंदीत प्रतींच्या संख्येची मर्यादाही तात्पुरती उठवली. प्रकाशकांनी दावा केला आणि २०२३ मध्ये, पुढे २०२४ मध्ये अपिलातही आर्काइव्ह हरले. शिवाय हे दोन्ही निकाल अमेरिकेच्या कायद्याखालचे आहेत. तिथे न्यायालय प्रत्येक प्रकरणात वापर न्याय्य आहे का ते तोलते, आपल्याकडे मात्र कलम ५२ मध्ये अपवाद एकेक करून लिहिलेले आहेत. आपल्याकडचा ठळक निकाल म्हणजे दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या प्रकरणाचा. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी काढलेल्या छायाप्रतींना शिक्षणाच्या अपवादाखाली संरक्षण दिले. तो निकाल शिकवण्याच्या ओघात काढलेल्या प्रतींपुरता आहे. वाचनालयाने सगळ्या जगासाठी उघडलेल्या संग्रहाला त्याचा आधार घेता येणार नाही.

दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी मात्र कायदा खूपच उदार आहे, आणि आपल्या वाचनालयांना याची जवळजवळ कल्पनाच नाही याचे मला वाईट वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) खाली, हक्काची मुदत चालू असलेल्या पुस्तकाचीही ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीने) वाचता येईल अशी प्रत ना-नफा तत्त्वावर करता येते, आणि ती करू शकणाऱ्या संस्थांत शासनमान्य ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती प्रत फक्त अशा वाचकांनाच द्यायची, खर्चापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत, आणि ती इतरत्र पसरणार नाही याची काळजी घ्यायची, एवढ्याच अटी आहेत. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. चितमपल्लींचे पुस्तक संकेतस्थळावर ठेवता येणार नाही, पण सोलापुरातल्या एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते ऐकण्याजोग्या स्वरूपात आजही देता येते.

यानंतर उरतात ती पुस्तके, ज्यांचा हक्कदार कोण हेच कळत नाही. असे पुस्तक हातात घेतले की काय दिसते ते पाहा. मुखपृष्ठ गेलेले, शीर्षकाच्या पानावर लेखकाचे आडनाव आणि दोन आद्याक्षरे, पानामागे साखर पेठेतल्या कुठल्याशा छापखान्याचे नाव, किंमत बारा आणे, आणि साल छापलेले नाही. आण्यातली किंमत एवढे सांगते की पुस्तक बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांच्या आधीचे आहे. दाखल नोंदवहीतली तारीख सांगते की ते निदान अमुक वर्षी अस्तित्वात होते. अर्पणपत्रिका, प्रस्तावनेखालची तारीख आणि गाव, शेवटच्या पानावरची त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात, यांतून आणखी धागे मिळतात. जुन्या वर्गणीदारांना, स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींना आणि त्या आडनावाच्या कुटुंबांना विचारून मृत्युवर्ष कळू शकते. एवढे करूनही लेखक अज्ञात राहिला किंवा हक्कदार सापडला नाही, तर कलम ३१अ खाली वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन परवान्यासाठी अर्ज करता येतो. छोट्या वाचनालयाला हा मार्ग खर्चाचा आणि वेळखाऊ आहे हे मान्य करावे लागेल. माझ्या दृष्टीने कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. तोवर अशी पुस्तके उपकलम (एन) च्या आधारे जतनासाठी स्कॅन करून ठेवावीत आणि शोध किती घेतला याची लेखी नोंद ठेवावी.

जिथे वारस सापडतात, तिथे अनुभव असा की पुष्कळदा ते आनंदाने परवानगी देतात. आजोबांचे पुस्तक कोणीतरी विचारते आहे याचेच त्यांना अप्रूप असते. अडचण येते ती पत्र मोघम असल्यामुळे. हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, तर क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरतेच मानतो. परवानगीच्या पत्रातही म्हणून कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, स्कॅन करून संकेतस्थळावर मोफत ठेवणे, किती काळासाठी, आणि चित्रे व मुखपृष्ठ त्यात येतात की नाही, हे सगळे शब्दांत लिहून घ्यावे. वारस एकाहून अधिक असतील तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. प्रकाशक ‘हक्क आमच्याकडे आहेत’ म्हणाला, तरी करार पाहायला मागावा, कारण २०१२ च्या दुरुस्तीनुसार करार होताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिला गेला असे धरले जात नाही. आणि सोलापुरात आज लिहीत असलेल्या ज्या लेखकांची पुस्तके छापून संपली आहेत, त्यांच्याकडून असे पत्र त्यांच्या हयातीतच घ्यावे. त्यांना विचारायला वाचनालयातला माणूस त्यांच्या घरी चालत जाऊ शकतो.